रचनाबंध आणि चलनी शब्द : सॉफ्टवेअर-निर्मितीतील एका संशयाचा इतिहास

विषयप्रवेश

'पॅटर्न' हा शब्द मराठी वाचकाला परका नाही. १९९०च्या दशकात परीक्षांच्या निकालांमुळे गाजलेला 'लातूर पॅटर्न' सर्वांच्या परिचयाचा आहे. पुण्याच्या विद्यापीठातील अभियांत्रिकीच्या प्रश्नपत्रिकांवर '२०१५ पॅटर्न', '२०१९ पॅटर्न' असे छापलेले असते. २०१८ साली तर 'मुळशी पॅटर्न' याच नावाचा चित्रपटही येऊन गेला. यांपैकी लातूरचे उदाहरण विशेष बोलके आहे. एका शहरातील काही शिक्षकांच्या दीर्घ मेहनतीला नाव मिळाले आणि नाव मिळताच ते त्या शिक्षकांपासून व त्या शहरापासून सुटे होऊन हिंडू लागले. नाव उचलणे सोपे असते. ज्या परिस्थितीतून ते निपजले ती परिस्थिती उचलून आणता येत नाही.

सॉफ्टवेअर-निर्मितीच्या क्षेत्रात 'डिझाइन पॅटर्न' या संकल्पनेच्या वाट्याला असेच काही आले काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. 'डिझाइन पॅटर्न' यासाठी येथे 'रचनाबंध' हा शब्द योजला आहे. 'आकृतिबंध' हा पर्याय उपलब्ध होता; परंतु शासकीय कार्यालयांत तो मंजूर पदांच्या तक्त्यासाठी इतका रुळला आहे की त्याने घोटाळाच झाला असता. 'बझवर्ड' यासाठी 'चलनी शब्द' असे म्हटले आहे. नाणे जसे खरे-खोटे न पारखता हातोहात फिरते तसा जो शब्द फिरतो, तो चलनी शब्द.

रचनाबंध आधी आले, त्यांचा अतिरेक झाला आणि मग कंटाळलेल्या प्रोग्रॅमरांनी त्यांच्याविषयी शंका घेण्यास सुरुवात केली, असा या विषयाचा इतिहास सामान्यतः सांगितला जातो. हा क्रम बरोबर नाही. शंका मुळापासूनच होती आणि ती प्रामुख्याने निर्मात्यांच्या मनात होती. मूळ लेखनात तर शंकेसाठी राखून ठेवलेली खास जागाही होती. संकल्पनेचा प्रसार होत गेला तसतशी ही जागा पुसली गेली.

गार्मिश येथील नामकरण

ऑक्टोबर १९६८मध्ये पश्चिम जर्मनीतील गार्मिश या गावी 'नाटो'च्या विज्ञान समितीच्या पुरस्काराने एक परिषद भरली. अकरा देशांतील पन्नासहून थोडे अधिक तज्ज्ञ तेथे जमले होते. मोठ्या संगणकप्रणाली वेळेवर पुऱ्या होत नाहीत, खर्चाचा अंदाज चुकतो, पुऱ्या झाल्या तरी त्यांवर विश्वास ठेवता येत नाही, ही त्यांची चिंता होती. परिषदेचे शीर्षक 'सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग' असे ठेवण्यात आले. हे शीर्षक मुद्दाम डिवचण्यासाठी निवडले होते, असे परिषदेच्या १९६९ साली निघालेल्या अहवालाच्या संपादकांनीच नोंदविले आहे. सॉफ्टवेअर-निर्मितीला इतर अभियांत्रिकी शाखांसारखा सैद्धांतिक पाया आणि व्यावहारिक शिस्त हवी, ती अद्याप नाही, हे सुचविण्यासाठी ते नाव होते. थोडक्यात, उणीव दाखविणारे ते नाव होते. पुढील काही वर्षांत ते विद्यापीठांतील विभागांच्या पाट्यांवर आणि नोकरदारांच्या पदनामांत जाऊन बसले, आणि जे नाही त्याची आठवण करून देणारा शब्द जे आहे त्याचे प्रमाणपत्र ठरला. या व्यवसायातील चलनी शब्दांचा इतिहास जणू त्याच्या बारशापासूनच सुरू होतो.

याच परिषदेत डेन्मार्कचे संगणकशास्त्रज्ञ पीटर नाउर यांनी एक सूचना केली. मोठी सॉफ्टवेअर-प्रणाली रचणाऱ्याची स्थिती नगरे आणि कारखाने रचणाऱ्या वास्तुविशारदासारखी असते, म्हणून त्या शास्त्राकडे पाहावे, असे त्यांनी म्हटले आणि नमुन्यादाखल एकाच पुस्तकाचे नाव घेतले. ते पुस्तक होते ख्रिस्तोफर अलेक्झांडर यांचे १९६४ साली हार्वर्डने प्रसिद्ध केलेले 'नोट्स ऑन द सिंथेसिस ऑफ फॉर्म'. सॉफ्टवेअर आणि अलेक्झांडर यांची गाठ अशी पडली. त्या पुस्तकाच्या मुळाशी एक भारतीय खेडे आहे, ही गोष्ट मात्र आपल्याकडील अभ्यासकांच्या फारशी लक्षात येत नाही.

बावरा गावाची यादी

अलेक्झांडर यांचा जन्म १९३६ साली व्हिएन्ना येथे झाला; ते इंग्लंडमध्ये वाढले आणि केंब्रिज येथे त्यांनी गणित व वास्तुशास्त्र या दोन्ही विषयांचे शिक्षण घेतले. हार्वर्डमध्ये संशोधन करीत असताना, १९६०च्या दशकाच्या आरंभी, ते गुजरातमधील बावरा या खेड्यात जाऊन राहिले. तेथे त्यांनी एक शाळाही बांधली. 'नोट्स'च्या परिशिष्टात सहाशे वस्तीच्या एका भारतीय खेड्याची जी सोदाहरण मांडणी आहे ती या वास्तव्यातून आली.

गावाच्या जीवनाला लागू पडणाऱ्या १४१ गरजांची यादी त्यांनी केली. गावकऱ्यांना स्वतःला जाणवणाऱ्या, देशाच्या व प्रदेशाच्या अर्थव्यवस्थेने लादलेल्या आणि गावाच्या विद्यमान रचनेत न बोलता भागत आलेल्या अशा तिन्ही प्रकारच्या गरजा तीत आहेत. कोणती गरज कोणत्या गरजेशी गुंतलेली आहे हे ठरवून, त्या जाळ्याचे गणिती पद्धतीने विभाजन करायचे आणि जे गट सुटे पडतील त्यांसाठी स्वतंत्र रचना सुचवायची, अशी ही पद्धत होती. विभाजनाच्या या कामी आयबीएम ७०९० या संगणकासाठी लिहिलेल्या आज्ञावलींचे साहाय्य घेण्याची सोयही अलेक्झांडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली होती.

पद्धतीचे सामर्थ्य उघड आहे आणि तिची मर्यादाही त्या यादीतच वाचता येते. यादीतील पहिली नोंद हरिजनांना अस्पृश्य मानले जाते, ही आहे. दुसरी मृतांच्या अंत्यविधीची, तर तिसरी घराचे दार दक्षिणेकडे नसावे या संकेताची. अलेक्झांडर यांना अस्पृश्यता मान्य होती असा याचा अर्थ नव्हे. गावाची रचना जिच्याशी प्रत्यक्ष झगडते अशी वस्तुस्थिती म्हणून त्यांनी ती नोंदविली. तथापि, आंबेडकरांच्या प्रदेशातील वाचकाला येथे थबकावे लागते. अस्पृश्यता आणि दाराची दिशा यांना एकाच यादीत, एकाच मापाचे चल म्हणून क्रमांक देता येतो, हे यादी नावाच्या साधनाचेच लक्षण आहे. गरज कोणाची, ती भागविण्याजोगी आहे की मोडून काढण्याजोगी, हे यादी सांगत नाही. तो विवेक यादीच्या बाहेर उभ्या असलेल्या माणसालाच करावा लागतो.

अलेक्झांडर यांना ही अडचण इतरांच्या आधी दिसली. 'नोट्स'मध्ये गावाची रचना वृक्षाकृती, म्हणजे शाखा-उपशाखांत विभागलेली मांडली होती. पुढच्याच वर्षी, १९६५ साली, 'अ सिटी इज नॉट अ ट्री' या निबंधात त्यांनी जिवंत नगर वृक्षाकृती नसते, त्याचे घटक एकमेकांवर पसरलेले असतात, असे प्रतिपादन केले. दरम्यान त्यांच्या पुस्तकातून स्फूर्ती घेऊन 'डिझाइन मेथड्स' या नावाची एक चळवळच उभी राहिली होती. १९७१ साली 'नोट्स'ची नवी आवृत्ती निघाली तेव्हा तिच्या प्रस्तावनेत त्यांनी या चळवळीशी आपला संबंध नाकारला. प्रत्यक्ष रचना करण्यापासून रचनेच्या पद्धतीचा अभ्यास वेगळा काढणेच आपल्याला विपरीत वाटते, असा त्यांचा आशय होता. रचनाबंधाच्या आद्य पुरुषाने आपल्या नावावर चाललेल्या एका चलनी शब्दाला जाहीरपणे नकार दिला, तो रचनाबंधांचे पुस्तक निघण्याच्या सहा वर्षे आधी.

तारांकित रचनाबंध

ते पुस्तक, 'अ पॅटर्न लँग्वेज', १९७७ साली प्रसिद्ध झाले. सारा इशिकावा, मरी सिल्व्हरस्टीन आणि अन्य सहकारी यांच्यासह अलेक्झांडर यांनी त्यात २५३ रचनाबंध मांडले. प्रदेश आणि नगर यांपासून सुरुवात होऊन गल्ली, घर, खोली, खिडकी असे ते उतरत जातात. प्रत्येक रचनाबंधात आधी तो कोणत्या मोठ्या रचनाबंधांच्या पोटात येतो हे सांगितले आहे, मग प्रश्न, त्या प्रश्नाची चर्चा, आणि शेवटी उत्तर. उदाहरणार्थ, १५९ व्या रचनाबंधानुसार खोलीला निदान दोन बाजूंनी उजेड हवा. एकाच बाजूने उजेड आला की समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावर गडद सावल्या पडतात, त्याचे भाव नीट वाचता येत नाहीत, आणि लोक नकळत अशी खोली टाळतात, असे कारण तेथे दिले आहे. कारण समजले की वाचक स्वतः ठरवू शकतो: आपल्या चाळीतल्या खोलीत दुसरी खिडकी शक्य नसेल तर तोच हेतू आणखी कशाने साधेल?

या पुस्तकातील एक लहानशी योजना फारशी चर्चिली गेलेली नाही, परंतु प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने ती सर्वांत महत्त्वाची आहे. प्रत्येक रचनाबंधाच्या नावापुढे लेखकांनी आपल्या खात्रीची पातळी ताऱ्यांनी दाखविली आहे. दोन तारे म्हणजे प्रश्नाच्या मुळाशी असलेले सत्य हाती लागले आहे, अशी लेखकांची श्रद्धा. एक तारा म्हणजे त्या दिशेने प्रगती झाली आहे, परंतु सुधारणेस वाव आहे. तारा नाही, म्हणजे खरे उत्तर सापडलेले नाही. दिलेले उत्तर हा अनेक उत्तरांपैकी एक प्रयत्न समजावा. १५९ व्या रचनाबंधाला दोन तारे आहेत. पुष्कळांना एकही नाही. आपल्या संशयाची मात्रा नोंदीगणिक छापणारे पुस्तक कोणत्याही व्यवसायात विरळाच म्हणावे लागेल.

पाचांपासून तेवीसांपर्यंत

रचनाबंध सॉफ्टवेअरमध्ये आले ते लहान पावलांनी. १९८७ साली फ्लॉरिडातील ऑर्लँडो येथे भरलेल्या 'ऊप्स्ला' या ऑब्जेक्ट-ओरिएंटेड प्रोग्रॅमिंगच्या परिषदेत केंट बेक आणि वॉर्ड कनिंगहॅम यांनी एक छोटे टिपण सादर केले. स्मॉलटॉक या भाषेत पडद्यावरील खिडक्यांची मांडणी करताना त्यांनी पाच रचनाबंध योजले होते: प्रत्येक कामाला एक खिडकी, खिडकीत मोजकेच भाग, आणि अशाच साध्या गोष्टी. नवल पाचांचे नव्हते. ही मांडणी त्यांनी प्रोग्रॅमरांकडून न करविता ज्यांना ती वापरायची होती त्यांच्याकडून करविली, हे नवल होते. घर राहणाऱ्याने रचावे या अलेक्झांडर यांच्या आग्रहाचे हे प्रामाणिक भाषांतर होय. पुढील घडामोडींत रचनाबंध तज्ज्ञांच्या हाती गेले आणि वापरणारा मागे पडला.

याच सुमारास फ्रेड ब्रुक्स यांचा 'नो सिल्व्हर बुलेट' हा निबंध गाजत होता. १९८६ साली वाचलेला आणि एप्रिल १९८७मध्ये पुन्हा प्रसिद्ध झालेला हा निबंध सॉफ्टवेअरमधील अडचणींचे दोन भाग करतो: साधनांच्या उणिवांमुळे येणाऱ्या आनुषंगिक अडचणी, आणि खुद्द प्रश्नाच्या गुंतागुंतीतून येणाऱ्या अंगभूत अडचणी. कोणतेही एक तंत्र वा व्यवस्थापन-पद्धती दहा वर्षांत उत्पादकता, विश्वसनीयता वा सुबोधता यांत दसपटीने वाढ घडवून आणेल अशी चिन्हे नाहीत, असे त्यांनी बजावले. व्यवसायाने हा निबंध आदराने वाचला आणि पुढल्या रामबाण उपायाची वाट पाहणे चालू ठेवले.

१९९४च्या अखेरीस एरिक गामा, रिचर्ड हेल्म, राल्फ जॉन्सन आणि जॉन व्लिसिडीस यांचे 'डिझाइन पॅटर्न्स' हे पुस्तक बाजारात आले. लेखकांच्या चौकडीला 'गँग ऑफ फोर' हे विनोदी नाव चिकटले. पुस्तकात २३ रचनाबंध आहेत: वस्तूंच्या निर्मितीविषयीचे पाच, त्यांच्या जोडणीविषयीचे सात आणि वर्तनाविषयीचे अकरा. उदाहरणे सी++ आणि स्मॉलटॉक या भाषांतील आहेत. लेखकांनी नवे काही शोधल्याचा दावा केला नाही. अनुभवी मंडळी जे करीतच होती त्याला त्यांनी नावे दिली, आणि निरनिराळ्या क्षेत्रांतील किमान दोन प्रत्यक्ष प्रणालींत जे वापरलेले आढळले तेच घेतले.

या पुस्तकाविरुद्ध पुढे जे म्हटले गेले त्यातील बराच भाग पुस्तकातच आहे. प्रत्येक रचनाबंधाला तो कोठे लागू पडतो आणि त्याचे परिणाम काय, असे स्वतंत्र पोटविभाग आहेत. परिणामांत तोटेही आहेत. रचनाबंध सरसकट वापरू नयेत, लवचीकपणा मिळविताना ते अप्रत्यक्षतेचे थर वाढवितात आणि त्याची किंमत मोजावी लागते, असा इशारा पहिल्याच प्रकरणात दिलेला आहे. भाषा बदलली की रचनाबंधांची यादीही बदलेल, हेही तेथेच मान्य केले आहे. मात्र तारे नाहीत. तेवीसही रचनाबंध सारख्याच ठाम स्वरात, सारख्याच साच्यात येतात. लेखकांनी अटी गाळल्या नाहीत, आपल्या खात्रीची मात्रा तेवढी गाळली. पुढे रचनाबंधांच्या सारांश-पुस्तिका, परीक्षा-मार्गदर्शके आणि भिंतीवरचे तक्ते निघाले तेव्हा अटींचे पोटविभागही गळाले; उरले नाव आणि आकृती.

संशयाचे स्वर

१९९६ हे वर्ष या इतिहासात मध्यवर्ती आहे. त्या वर्षी तीन निरनिराळ्या दिशांनी शंका उपस्थित झाल्या आणि त्या एकमेकींहून इतक्या भिन्न आहेत की त्यांना 'टीका' या एकाच सदरात घालणे योग्य होणार नाही.

पहिली शंका भाषेची. पीटर नॉर्विग यांनी त्या वर्षी केलेल्या एका मांडणीत २३ रचनाबंध लिस्प आणि डिलन या भाषांच्या कसोटीवर तपासले. त्यांपैकी १६ तेथे एक तर दिसेनासे होतात किंवा पुष्कळ सोपे होतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. 'स्ट्रॅटेजी' हा रचनाबंध घेऊ. एकच काम निरनिराळ्या रीतींनी करता यावे म्हणून प्रत्येक रीतीसाठी वेगळा क्लास लिहायचा आणि त्या सर्वांना एकाच इंटरफेसमागे ठेवायचे, अशी ही योजना. ज्या भाषेत एखादे फंक्शन हे संख्येप्रमाणे किंवा अक्षरमालेप्रमाणे इकडून तिकडे देता येते, तेथे ही सारी योजना म्हणजे एक फंक्शन हाती देणे एवढीच उरते; तिला नाव द्यावे असेही कोणाला वाटणार नाही. ज्याला आपण अनुभवी माणसाचे शहाणपण समजतो ते काही वेळा केवळ साधनाच्या उणिवेभोवती काढलेले वळण असते, हा या युक्तिवादाचा गाभा आहे. ब्रुक्स यांच्या परिभाषेत बोलायचे तर आनुषंगिक अडचणीवरचा उतारा अंगभूत ज्ञान म्हणून शिकविला जात होता. प्रस्तुत लेखाच्या दृष्टीने ही शंका सर्वांत भक्कम आहे, कारण ती पडताळून पाहता येते. आणि ती खरीही ठरली. जावा आणि सी++ या भाषांनी पुढे फंक्शन असे हाती देण्याची सोय केली तेव्हा त्या रचनाबंधांचे कितीतरी लिखाण अनावश्यक झाले.

दुसरी शंका रिचर्ड गॅब्रिएल यांच्या 'पॅटर्न्स ऑफ सॉफ्टवेअर' या पुस्तकात दिसते. गॅब्रिएल हे लिस्पचे जाणकार तसेच कवी. आज्ञावलीत पुढे राहायला, म्हणजे तिची देखभाल करायला येणाऱ्याला ती राहण्याजोगी वाटते काय, हा अलेक्झांडर यांचा प्रश्न सॉफ्टवेअरच्या रचनाबंधकारांनी बाजूला ठेवला, असे त्यांचे म्हणणे होते. हा स्वर त्या काळी काहीसा भावुक वाटला. आज जुन्या प्रणाली सांभाळणाऱ्यांना तो तसा वाटणार नाही.

तिसरी शंका खुद्द अलेक्झांडर यांची. ऑक्टोबर १९९६मध्ये सॅन होजे येथील 'ऊप्स्ला'मध्ये त्यांना बीजभाषणासाठी पाचारण करण्यात आले. आद्य पुरुष येणार, आशीर्वाद देणार, अशी श्रोत्यांची अपेक्षा असल्यास ती पुरी झाली नाही. त्यांनी सौजन्याने परंतु सरळ विचारले: या रचनाबंधांमुळे आज्ञावली खरोखर अधिक चांगल्या झाल्या आहेत काय? आपल्या रचनाबंधांत एक नैतिक अंग होते, त्यांतून सुसंगत समग्रता घडावी अशी अपेक्षा होती आणि ते निर्मितिक्षम असावेत असा आग्रह होता. सॉफ्टवेअरमध्ये या गोष्टी आपल्याला दिसलेल्या नाहीत, विचारांची देवाणघेवाण करण्याचा एक सोयीचा साचा तेवढा दिसतो, असे ते म्हणाले. आपल्या पुस्तकाच्या आधारे झालेल्या इमारतींविषयीही त्यांनी पूर्ण समाधान व्यक्त केले नाही. हे भाषण १९९९ साली छापून आले. तोवर रचनाबंधांचा बाजार इतका भरला होता की प्रश्न विचारणाऱ्याचे नाव आदराने घेतले गेले आणि प्रश्न तेवढा मागे राहिला.

बाजार म्हणताना जमेची बाजू विसरता येणार नाही. आपल्या रचनाबंधांचा साठा लोकांनी मिळून लिहावा, यासाठी कनिंगहॅम यांनी मार्च १९९५मध्ये पहिली 'विकी' सुरू केली. मे २००३मध्ये सुरू झालेल्या मराठी विकिपीडियाचे कूळ तेथवर पोचते. बेक आणि गामा यांनी १९९७ साली झुरिकहून अटलांटाला जाताना विमानात 'जेयुनिट' या चाचणी-साधनाचा पाया घातला. ते आटोपशीर साधन रचनाबंधांनी गच्च भरलेले आहे आणि तरीही सुबोध आहे. ज्यांना अटी पाठ होत्या त्यांच्या हाती रचनाबंध चांगले चालले.

१९९९ साली डेन्व्हर येथील 'ऊप्स्ला'मध्ये चौकडीवर लुटुपुटीचा खटला भरण्यात आला. चौकडी स्वतः त्यात सहभागी होती. थट्टेच्या आरोपपत्रातील एक आरोप मात्र थट्टेचा नव्हता: कष्टाने मिळविलेले रचनाकौशल्य रचनाबंधांत आटवून तुम्ही नवशिक्यांना तज्ज्ञासारखे वागण्यास उत्तेजन दिले. उपस्थित ज्यूरींच्या बहुमताने आरोपी दोषी ठरले. परिषदेत हास्याचे फवारे उडाले असतील. परंतु या आरोपात या साऱ्या चळवळीची खरी जोखीम आली आहे. नवशिक्याला नाव आधी मिळते आणि प्रश्न नंतर भेटतो. नाव ठाऊक असल्याने आपल्याला प्रश्न कळला आहे असे त्याला वाटते, आणि ज्याला नाव ठाऊक नाही पण प्रश्न कळला आहे असा सहकारी बैठकीत गप्प बसतो.

साध्या वस्तूचे बारसे

नावाची ही सत्ता किती होती याचे सर्वांत मासलेवाईक उदाहरण जावाच्या जगात सापडते. सन मायक्रोसिस्टिम्सने १९९८ साली 'एंटरप्राइज जावाबीन्स' ही योजना पुढे आणली. मोठ्या व्यावसायिक प्रणालींतील व्यवहार, सुरक्षा, दूरस्थ संपर्क यांचा भार प्रोग्रॅमरवरून उतरवावा, हा हेतू रास्त होता. प्रत्यक्षात एखादा लहानसा घटक लिहायचा तरी दोन इंटरफेस, एक क्लास आणि एक्सएमएलमधील एक वर्णनपत्र इतका सरंजाम जुळवावा लागे. आणि घटक त्या सरंजामाबाहेर चालवून, तपासून पाहता येत नसे. २००१ साली सनच्याच तज्ज्ञांनी या क्षेत्रातील रचनाबंधांचे एक पुस्तक काढले. त्यातील एक रचनाबंध, पुढे 'ट्रान्स्फर ऑब्जेक्ट' म्हणून ओळखला गेलेला, असा: दूरच्या वस्तूला एकेक गोष्ट विचारणे महाग पडते, म्हणून सर्व माहितीचे गाठोडे बांधून एकदम न्यावे. सल्ला उपयुक्त होता. परंतु गाठोडे बांधण्याची पाळी ज्या योजनेमुळे आली ती योजना त्या ठिकाणी हवीच होती काय, हा प्रश्न रचनाबंधाच्या साच्यात कोठे बसत नव्हता. नॉर्विग यांनी भाषेविषयी दाखविलेली गोष्ट येथे चौकटीविषयी खरी ठरली.

मग साध्या जावा वस्तू का वापरू नयेत? सप्टेंबर २०००मध्ये एका परिषदेसाठी भाषणाची तयारी करताना मार्टिन फाउलर, रिबेका पार्सन्स आणि जॉश मॅकेंझी यांना हाच प्रश्न पडला. लोक साध्या वस्तू टाळतात याचे कारण, त्यांना भारदस्त नाव नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला, आणि नाव दिले: 'प्लेन ओल्ड जावा ऑब्जेक्ट', संक्षेपाने 'पोजो'. नाव चांगले रुळले, असे फाउलर यांनी नमूद केले आहे. जी वस्तू जावाच्या पहिल्या दिवसापासून सर्वांच्या हाती होती ती वापरण्याचे धाडस लोकांना एका आद्याक्षरी शब्दाने दिले. चलनी शब्दाविरुद्धचा संशयही चलनी शब्दाच्या रूपानेच खपला, यात विनोद आहे आणि खंतही आहे.

रॉड जॉन्सन यांनी २००२ साली आपल्या पुस्तकात या सरंजामाची सविस्तर चिकित्सा केली. त्या पुस्तकासोबतच्या आज्ञावलीतून 'स्प्रिंग' ही चौकट वाढली आणि मार्च २००४मध्ये तिची पहिली आवृत्ती निघाली. मे २००६मधील तिसऱ्या 'एंटरप्राइज जावाबीन्स'ने स्वतःच साध्या वस्तूंचा मार्ग पत्करला. यथावकाश स्प्रिंगचाही पसारा वाढला आणि तिच्याविषयी तेच आक्षेप ऐकू येऊ लागले. फेब्रुवारी २००१मध्ये यूटा येथे सतरा जणांनी सही केलेल्या 'अजाइल' जाहीरनाम्याची गतही फारशी निराळी झाली नाही. बेक आणि कनिंगहॅम हे त्या सतरांतही होते. आणि त्यांच्यातीलच डेव्ह थॉमस यांनी २०१४ साली तो शब्द आता मेला असे लिहिले.

सिंगलटनची नोंद

तेवीसांपैकी सर्वांत सोपा आणि म्हणून सर्वांत लोकप्रिय रचनाबंध म्हणजे 'सिंगलटन'. एखाद्या प्रकारची एकच वस्तू अस्तित्वात असावी आणि ती सर्वांना एका ठरावीक ठिकाणाहून मिळावी, एवढेच तो सांगतो. आज्ञावलीत कोठूनही बदलता येणारी सार्वत्रिक चले घातक असतात, हे प्रोग्रॅमर पहिल्या वर्षात शिकतो. सिंगलटनने त्याच सार्वत्रिक चलाला प्रतिष्ठित वेश दिला. असे सिंगलटन पेरलेल्या प्रणालीत कोणता भाग कशावर अवलंबून आहे हे वरून दिसत नाही, आणि एक भाग सुटा करून तपासता येत नाही. तरीही, किंवा सोपा असल्यामुळेच, पुण्या-बंगळुरातील नोकरीच्या मुलाखतींत सिंगलटन लिहून दाखविण्याचा प्रश्न नेहमीचा होऊन बसला. तो केव्हा लिहू नये, हे सांगणाऱ्या उमेदवाराचे काय होत असेल, हे मुलाखत घेणाऱ्यावर अवलंबून.

पुस्तकाला पंधरा वर्षे झाली त्या निमित्ताने २००९ साली हयात लेखकांची मुलाखत झाली. व्लिसिडीस २००५ साली निवर्तले होते. आज पुस्तक पुन्हा लिहायचे तर काय गाळाल, या प्रश्नावर गामा यांनी आधी गमतीने सांगितले की चर्चा केली तेव्हा सर्वच रचनाबंधांवर आमचे अद्याप प्रेम असल्याचे आढळले. आणि लगेच पुस्ती जोडली की आपण स्वतः सिंगलटन वगळण्याच्या बाजूचे आहोत, कारण त्याचा वापर बहुधा रचनेतील दोषाचीच खूण असतो. अशा मतासाठी अलेक्झांडर यांच्या पुस्तकात तयार जागा होती. तेथे रचनाबंध वगळावा लागला नसता. त्याच्या नावापुढचे तारे काढून घेता आले असते आणि वाचकाला लेखकांचा बदललेला विश्वास पानावरच दिसला असता.

'डिझाइन पॅटर्न्स'ची सुधारलेली आवृत्ती निघाली नाही. अलेक्झांडर मार्च २०२२मध्ये इंग्लंडमध्ये वारले. पुस्तकाची पुनर्मुद्रणे होत राहिली, आणि त्यांत सिंगलटन १९९४ साली होता त्याच जागी, वस्तूंच्या निर्मितीविषयीच्या पाचांपैकी शेवटचा म्हणून, इतर बावीस रचनाबंधांच्याच ठाम स्वरात छापलेला आहे.